स्टेजिंगवर अडकलेली नाटकं

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दोन शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर पडतात. एक स्टेजिंग, दुसरा प्रॉडक्शन. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टेजिंग म्हणजे रंगीत तालमीसारखी जागा. प्रोग्रॅम तिथे चढवायचा, चालतोय का बघायचं, चार लोकांना दाखवायचा. प्रॉडक्शन म्हणजे खरा प्रयोग. तिथे खरी माणसं येतात, खरे पैसे देतात आणि खऱ्या शिव्या घालतात. एखादं काम महिनोन्‌महिने स्टेजिंगवर पडून राहिलं की आमच्याकडे सगळ्यांना कळतं, की याचं काही खरं नाही. तोंडावर तसं कोणी बोलत नाही, एवढंच.

मजा म्हणजे अमेरिकेतले नाटकवाले जवळजवळ हेच शब्द वापरतात. त्यांच्याकडे स्टेज्ड रीडिंग असतं आणि प्रॉडक्शन असतं. आणि काम अडकायची जागासुद्धा नेमकी तीच! या शनिवार-रविवारचा विषय तो आहे. त्यातही खास करून लॅटिना नाटककारांचा, म्हणजे मेक्सिको, क्युबा, प्वेर्तो रिको वगैरे मुळांच्या अमेरिकन बायकांचा. कारण ही पद्धत काय देते आणि काय काढून घेते हे त्यांच्या नाटकांवरून जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं दुसऱ्या कोणाच्या दिसत नाही असं माझं मत आहे. पटलं नाही तर भांडा, काही हरकत नाही.

आधी पद्धत समजून घेऊ. स्टेज्ड रीडिंग म्हणजे आपलं अभिवाचन, पण बरंच शिस्तीतलं. नट-नट्या ओळीनं उभे किंवा बसलेले, समोर गाणाऱ्यांच्या नोटेशनचे असतात तसले स्टँड, त्यावर संहिता. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, प्रकाश फक्त कागद दिसण्यापुरता. रंगसूचना एक माणूस मोठ्यानं वाचतो. "ती खिडकी बंद करते." "तो उठून जातो." नटांच्या युनियनची यासाठी एक प्रसिद्ध चौकट आहे, २९ तासांची. तालीम आणि वाचन मिळून नट एकूण २९ तास देणार, त्याच्या पुढे गेलात तर वेगळा करार. म्हणजे संहिता हातातून सुटायची वेळच येत नाही. शेवटी प्रेक्षकांशी गप्पा, ज्याला ते टॉकबॅक म्हणतात. अशी पाच-सात वाचनं एका आठवड्यात लावली की झाला नव्या नाटकांचा फेस्टिव्हल.

या सगळ्याला प्रतिष्ठा मिळाली ती कनेटिकटमधल्या वॉटरफर्ड या समुद्राकाठच्या गावी. १९६४ मध्ये तिथे यूजीन ओनील थिएटर सेंटर निघालं आणि पुढच्याच वर्षीपासून उन्हाळ्यात नाटककारांची परिषद भरायला लागली. लॉइड रिचर्ड्स या दिग्दर्शकानं ती १९६८ ते १९९९ एवढा काळ सांभाळली. ऑगस्ट विल्सनची आधीची नाटकं तिथून परत आली होती आणि मग १९८२ मध्ये 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' घेतलं गेलं. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा ही पद्धतच भंपक आहे असं म्हणायचा माझा अजिबात विचार नाही. 'इन द हाइट्स' हे लॅटिनो वस्तीतलं संगीत नाटकही २००५ मध्ये ओनीलच्या संगीत परिषदेत घडलं, २००७ मध्ये ऑफ-ब्रॉडवेला आलं, २००८ मध्ये ब्रॉडवेला जाऊन टोनी घेऊन आलं. गाणी लिन-मॅन्युएल मिरांडाची आणि संहिता कियारा आलेग्रिया ह्यूडिसची. मिरांडा सगळ्यांना माहीत असतो. मला आज बोलायचंय ते ह्यूडिसबद्दल.

ही बाई १९७७ ची, फिलाडेल्फियाची. आई प्वेर्तो रिकन, वडील ज्यू. येलला संगीत शिकली, मग ब्राऊनला नाट्यलेखन. तिच्या नात्यातल्या एका भावानं इराकच्या लढाईत भाग घेतला होता. त्याच्यावरून सुचलेला एलियट नावाचा तरुण घेऊन तिनं तीन नाटकं लिहिली. पहिलं 'एलियट, अ सोल्जर्स फ्यूग' २००६ मध्ये न्यूयॉर्कला झालं आणि पुलित्झरच्या अंतिम यादीत गेलं. दुसरं 'वॉटर बाय द स्पूनफुल' २०११ मध्ये हार्टफर्ड स्टेजनं केलं, आणि २०१२ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. नाटकासाठी पुलित्झर मिळवणारी ती पहिली लॅटिना.

हे दुसरं नाटक आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं वाचावं असं आहे. का, तर त्यातली अर्धी पात्रं एका चॅटरूममध्ये राहतात. कोकेनच्या, म्हणजे क्रॅकच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या लोकांची चॅटरूम. ती चालवणारी बाई स्वतःला हायकूमॉम म्हणवते. कोणी शिवी टाइप केली की ती लगेच कापते. बाकीच्यांची नावंही अशीच. एक ओरँगउटान, एक शूट्स अँड लॅडर्स (म्हणजे आपली सापशिडी). आणि एक नवीन येतो फाउंटनहेड नावाचा, पैसेवाला, अजून आपण व्यसनी आहोत हेच मान्य न करणारा. धंदा काय? कॉम्प्युटर प्रोग्रॅमर! आमच्याच बिरादरीतला :-) त्याची पहिली पोस्ट वाचा. आपल्या ओळखीचे चार जण तरी आठवतील.

आता हे चॅटरूमचे प्रवेश अभिवाचनात कसे होत असतील याची कल्पना करा. झक्कास होणार. कारण चॅटरूममध्ये मुळातच कोणी कोणाकडे बघत नाही. प्रत्येक जण आपापल्या खुर्चीत, समोर बघत, शब्द फेकतोय. स्टँडपुढे उभा राहिलेला नट जे करतो तेच. पडद्यामागे कोण आहे, किती लठ्ठ, किती काळा, किती गरीब, काही कळत नाही. फक्त मजकूर. नाटकाचा हा भाग जणू अभिवाचनासाठीच बनवलाय असं वाटावं.

पण नाटक तिथे थांबत नाही, आणि माझा मुद्दा इथे सुरू होतो. हळूहळू ही माणसं चॅटरूममधून देहात यायला लागतात. हायकूमॉम म्हणजे ओडेसा, एलियटची जन्मदाती आई. मुलं लहान असताना त्यांना पोटाचा आजार झाला होता. दर पाच मिनिटांनी चमचाभर पाणी पाजायचं एवढंच तिचं काम होतं. ते सोडून ती क्रॅकसाठी निघून गेली आणि मुलगी गेली. नाटकाचं नाव यावरून आलंय. शेवटी ओडेसा पुन्हा कोसळते. आणि तिच्याकडे धावून येतो कोण, तर तो फाउंटनहेड, ज्याला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो तिला टबात बसवून आंघोळ घालतो. तिकडे प्वेर्तो रिकोत एलियट आणि त्याची बहीण यॅझ, त्याला वाढवणाऱ्या बाईची राख पाण्यात सोडतायत. दोन्हीकडे पाणी. चमच्यानं द्यायचं राहून गेलेलं पाणी.

हा प्रवेश अभिवाचनात काय उरतो? रंगसूचना वाचणारा शांतपणे म्हणणार, "तो तिला आंघोळ घालतो." संपलं. दोन तास जे लोक फक्त शब्द होते त्यांच्यातल्या एकाचा हात पहिल्यांदा दुसऱ्याच्या अंगाला लागतो, आणि आपल्याला मिळतं एक वाक्य. मग बाहेर येऊन कोणी म्हणालं, "पहिला अंक फार छान, शेवट जरा पातळ वाटला," तर त्याची चूक नाही. त्यानं जे ऐकलं ते पातळच होतं. पण लेखिकेनं त्या सल्ल्यावरून शेवटात चार संवाद घातले तर नाटकाचं वाटोळं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट चुकीची आहे आणि आपण प्रोग्रॅम दुरुस्त करत बसलोय.

थोडक्यात काय, अभिवाचन कानाची परीक्षा घेतं. संवाद लांबलाय का, विनोद पोचतोय का, कोण कोणाचा कोण हे कळतंय का. यासाठी त्याच्यासारखं स्वस्त आणि मस्त साधन नाही. पण जे नाटक हात, वस्तू, उकाडा, शांतता यांच्यावर उभं आहे ते वाचनात नापास होणारच.

उकाडा म्हटलं कारण दुसरं उदाहरण तसंच आहे. होसेफिना लोपेझ. जन्म मेक्सिकोतल्या सान लुइस पोतोसीचा, वाढली लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात, बॉइल हाइट्समध्ये. तेरा वर्षं कागदपत्रांशिवाय. शिवणकामाच्या कारखान्यात स्वतः राबलेली. तिचं 'रिअल विमेन हॅव कर्व्ह्ज' अशाच एका खुराड्यातल्या पाच बायकांचं आहे, काळ १९८७ चा. मोठ्या दुकानांसाठी ड्रेस शिवतायत, जे त्यांच्या स्वतःच्या अंगात कधी जाणार नाहीत. बाहेर इमिग्रेशनवाल्यांची भीती, म्हणून दार बंद. मशिनींचा उकाडा, त्यात इस्त्रीची वाफ. शेवटी एकेक करत त्या बायका कपडे काढतात आणि तशाच कामाला बसतात. एकमेकींच्या पोटावरच्या, मांड्यांवरच्या खुणा दाखवत हसतात. माझ्या मते हाच नाटकाचा कळस आहे.

आता चांगले कपडे घातलेल्या पाच नट्या स्टँडपुढे उभ्या आहेत आणि सहावा माणूस वाचतोय, "त्या कपडे काढतात." जाऊ द्या, पुढे बोलायलाच नको.

तरी हे नाटक अडकलं नाही. १९८८ मध्ये लोपेझ न्यूयॉर्कला एका कार्यशाळेत होती, तिथे ते आकाराला आलं. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एल तेआत्रो दे ला एस्पेरान्सा या संस्थेनं त्याचा प्रयोग केला. अवघ्या दोन वर्षांत! २००२ मध्ये त्यावरून सिनेमा आला (अमेरिका फेरेराचा पहिला), आणि २०२५ मध्ये ते संगीत नाटक होऊन ब्रॉडवेवर गेलं. एप्रिलमध्ये उघडलं आणि जूनअखेर बंदही झालं, पण तो वेगळा हिशोब. दोन वर्षांत प्रयोग कसा झाला? एक तर छोटी, आपल्या माणसांची नाटकमंडळी होती, जिला हे नाटक करायचंच होतं. आणि दुसरं कारण म्हणजे ती कार्यशाळा, आणि ती चालवणारी बाई. तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण तिचं नाव आपल्याकडे कमी ऐकू येतं.

मारिया इरेने फोर्नेस. १९३० ची, हवानाची. १९४५ मध्ये अमेरिकेत आली. मूळची चित्रकार. नाटककार कशी झाली याचा किस्सा भारी आहे. १९६० च्या सुमारास ती सुझन सॉन्टॅगबरोबर राहत होती. सॉन्टॅगला लिहायचं होतं आणि लिहून होत नव्हतं. फोर्नेस म्हणाली, त्यात काय एवढं, बस आत्ता. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. फोर्नेसला लिहिण्याचा गंध नव्हता, म्हणून तिनं पाककृतींचं पुस्तक उघडलं आणि पानावरच्या वाक्यांचे पहिले शब्द घेऊन एक गोष्ट रचायला लागली. पुढे या बाईला नऊ ओबी पुरस्कार मिळाले. २०१८ मध्ये ती गेली.

तिचं १९७७ चं 'फेफू अँड हर फ्रेंड्स' कसं तयार झालं ते बघा. नाटक अर्धवट होतं आणि ती प्रयोगासाठी जागा शोधत होती. न्यूयॉर्कमध्ये एक जागा दाखवली गेली, तिथे मागे वेगवेगळ्या खोल्या होत्या. तिला वाटलं, मग खोल्यांमध्येच करू की. मधल्या भागात प्रेक्षकांचे चार गट करायचे, चार खोल्यांत चार प्रवेश एकाच वेळी चालू, आणि प्रेक्षक एका खोलीतून दुसरीत. नट्या तोच प्रवेश चार वेळा करणार. नाटकाचा आकार जागेतून आला! स्टँडपुढे बसून, प्रेक्षकांची मतं घेऊन, हे कोणाला सात जन्मात सुचलं नसतं. आणि सुचलं असतं तर टॉकबॅकमध्ये पहिलाच हात वर झाला असता, "हे जरा गोंधळाचं होत नाही का?"

या फोर्नेसनं १९८१ मध्ये इन्टार या न्यूयॉर्कच्या लॅटिनो थिएटरमध्ये नाटककारांची प्रयोगशाळा सुरू केली. सकाळी आधी शरीराला ताण देणारे व्यायाम. मग डोळे मिटून एखादी आठवण, एखादी जागा, एखादा माणूस डोळ्यांपुढे आणायचा. कधी चित्र काढायचं. मग सगळ्यांनी एकत्र बसून हातानं लिहायचं. दुसऱ्याच्या लिखाणाची चिरफाड करायची नाही. यातून बाहेर पडलेली नावं वाचा. शेरी मोरागा, मिग्डालिया क्रूझ, कारिदाद स्विच, एदुआर्दो माचादो, निलो क्रूझ, आपली ही लोपेझ. एका खोलीनं एवढं दिलेलं मला तरी दुसरं उदाहरण माहीत नाही. निवड समिती नाही, निर्माते मागच्या रांगेत वही घेऊन बसलेले नाहीत. खोली लिहिणाऱ्यासाठी आहे.

अभिवाचनाच्या फेस्टिव्हलमध्ये मात्र हा प्रश्न धूसर होतो. हे चाललंय कोणासाठी? लेखिकेला सांगितलं जातं, तुझ्या नाटकाच्या विकासासाठी. थिएटरच्या अहवालात लिहिलं जातं, यंदा आम्ही इतक्या लॅटिना लेखिकांना व्यासपीठ दिलं. आणि वर्षाच्या मुख्य नाटकांची यादी निघते तेव्हा त्यात पुन्हा नेहमीचेच यशस्वी. या प्रकाराला तिकडे नावच पडलंय, डेव्हलपमेंट हेल. विकासाचा नरक. नाटक एका शहरात वाचलं जातं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी नव्या सूचना, नवा मसुदा. नकार कोणीच देत नाही. नकार दिला असता तर लेखिका निदान मोकळी झाली असती.

कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथल्या साउथ कोस्ट रेपर्टरीनं १९८६ ते २००४ हिस्पॅनिक प्लेराइट्स प्रोजेक्ट चालवलं. लॅटिनो नाटककारांना हेरून, बोलावून, वाचनं करून त्यांची एक पिढी उभी करायला त्याचा मोठा हातभार लागला, यात शंका नाही. पण वेगळी पंगत मांडली की मुख्य पंगतीत पान वाढायची घाई राहत नाही, हा धोका अशा प्रत्येक उपक्रमात असतोच. आपल्याकडच्या साहित्य संमेलनात महिलांचा स्वतंत्र परिसंवाद दुपारी दोनला ठेवतात तसं. वक्त्या चांगल्या असतात, प्रश्न वेळेचा असतो.

त्यात टॉकबॅक. मोठ्या थिएटरांचे वर्गणीदार बहुतेक गोरे, वयस्क, सुखवस्तू. नाटकात स्पॅनिश ओळी आल्या की हमखास प्रश्न, याचं भाषांतर का नाही? बिचारी लेखिका पुढच्या मसुद्यात पात्राकडूनच इंग्रजीत अर्थ सांगून घेते. घरात आजी नातीशी बोलताना असं कोण बोलतं हो? लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेनं १९९० च्या सुमारास अभिप्रायाची एक चार पायऱ्यांची पद्धत काढली. आधी काय भिडलं ते सांगा, मग कलाकार प्रश्न विचारणार, मग तुम्ही मत न मिसळता प्रश्न विचारा, आणि शेवटी मत द्यायचंच असेल तर आधी विचारा की तुम्हाला ते ऐकायचंय का. समोरचा नको म्हणू शकतो! आमच्याकडे कोड रिव्ह्यू करणाऱ्या निम्म्या लोकांना हे सक्तीनं शिकवायला हवं. पण पद्धत कितीही सभ्य असली तरी समोर कोण बसलंय हा प्रश्न तिनं सुटत नाही.

या वैतागातून निघालेला मला सर्वात आवडणारा प्रकार म्हणजे न्यूयॉर्कचा तेरा नाटककारांचा गट, थर्टीन पी. २००३ मध्ये जमले. त्यांचं ब्रीदच असं होतं, की आम्ही नाटकं विकसित करत नाही, नाटकं करतो. प्रत्येकाचं एक नाटक, ज्याची पाळी तो त्या वेळचा कलात्मक प्रमुख. तेरावं नाटक झालं, २०१२ मध्ये दुकान बंद. संस्था टिकवायची म्हणून टिकवली नाही. काम झालं की सर्व्हर बंद करणारे असे लोक मला फार आवडतात. ते लॅटिनोंचं नव्हतं, पण २०१६ मध्ये न्यूयॉर्कलाच सुरू झालेल्या सोल प्रोजेक्टनं तीच नस पकडली. ऑफ-ब्रॉडवेच्या संस्थांशी भागीदारी करून लॅटिनो लेखकांची नाटकं प्रत्यक्ष उभी करायची, पूर्ण प्रयोग. आणखी एक उपाय नॅशनल न्यू प्ले नेटवर्कचा. तिथे प्रत्येक थिएटरला 'जागतिक पहिला प्रयोग' आपलाच हवा असतो आणि दुसरा प्रयोग कोणालाच नको असतो. म्हणून यांनी नियम केला की निदान तीन थिएटरांनी ठराविक काळात एकच नवं नाटक करायचं आणि 'पहिला'चा मान सगळ्यांनी वाटून घ्यायचा. लेखकाला तीन वेगवेगळ्या शहरांत, तीन वेगळ्या दिग्दर्शकांकडून आपलं नाटक उभं राहिलेलं दिसतं. तीस वाचनांत जे कळत नाही ते इथे कळतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकून आपल्याला काय? एक धागा खरोखरच आहे. ज्या फोर्ड फाउंडेशननं अमेरिकेतली प्रादेशिक थिएटरं उभी राहायला पैसा ओतला, त्याच फाउंडेशनच्या मदतीनं पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं १९८५ ते १९९४ या काळात नाट्यलेखकांच्या विकासाची आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासाची योजना चालवली. सतीश आळेकरांची कल्पना. मला त्यातली जोडगोळी महत्त्वाची वाटते. नुसता लेखक विकसित करून भागत नाही, त्याचं नाटक करणारी मंडळी गावोगाव हवी, हे त्यात गृहीत होतं. नंतर २००४ पासून मुंबईत रेज आणि लंडनचं रॉयल कोर्ट यांनी राइटर्स ब्लॉक केलं, त्यातही कार्यशाळेचा शेवट प्रयोगांच्या महोत्सवात होत असे. गरीब असूनही, किंवा गरीब असल्यामुळेच, आपली सवय 'करून बघू' अशी राहिली आहे. पहिल्या पंचवीस प्रयोगांत नाटक घासूनपुसून घ्यायचं. प्रेक्षक तिकीट काढून आलेला, त्यामुळे त्याचं मत खोकल्यातून कळतं, टॉकबॅक लागत नाही.

असो. आमच्या एका मित्राशी परवा यावरून वाद झाला. तो म्हणतो, अरे, आज तर वाचनंसुद्धा बंद पडतायत, आणि तू त्यांच्यावरच टीका करतोस? त्याचं खरं आहे. न्यूयॉर्कचं लार्क, जे १९९४ पासून नव्या नाटकांचं घर होतं आणि जिथे मेक्सिकोच्या नाटककारांशी देवाणघेवाण चालायची, ते २०२१ मध्ये बंद झालं. लुइव्हिलचा ह्यूमाना फेस्टिव्हल १९७६ पासून नव्या नाटकांचे पूर्ण प्रयोग करत होता. २०२१ ला शेवटचा झाला, तोही ऑनलाइन. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी कलानिधीनं मंजूर झालेली अनुदानं रद्द करायची पत्रं धाडली. अशा वेळी जे परवडतं ते करावं, आणि वाचन परवडतं.

मला नेमकं उलटं वाटतं. पैसा कमी असतो तेव्हाच तो दहा नाटकांच्या वाचनांवर शिंपडण्यापेक्षा एका नाटकाच्या प्रयोगावर घालावा. वाचनानं दहा लेखिकांचं नाव पत्रकावर येतं, हे कबूल. पण त्यातल्या दहाही जणी नंतर दुसऱ्या नोकरीवर परत जातात. कारण वाचनाच्या मानधनावर कोणाचं घर चालत नाही. आणि ज्या जाऊ शकत नाहीत, म्हणजे ज्यांच्या घरी पाठबळ आहे, त्याच पुढच्या फेस्टिव्हलला उरतात. शिवण कारखान्यातली पोरगी उरत नाही. ह्यूडिससारखी पुलित्झरवाली बाईसुद्धा २०१८ मध्ये जाहीर लिहून मोकळी झाली की या व्यवसायानं मला दमवलंय, मी जरा बाजूला होते. पुलित्झरनंतर ही गत, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

एक गोष्ट लक्षात घ्या. निलो क्रूझच्या 'अ‍ॅना इन द ट्रॉपिक्स'ला २००३ मध्ये पुलित्झर मिळालं तेव्हा ते फ्लोरिडातल्या कोरल गेबल्सच्या एका छोट्या थिएटरात झालं होतं, न्यूयॉर्कनं पाहिलंही नव्हतं. ह्यूडिसचं 'वॉटर'सुद्धा पुलित्झर मिळालं तेव्हा हार्टफर्डच्या पलीकडे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. न्यूयॉर्कचा प्रयोग त्यानंतर, २०१३ च्या जानेवारीत. दोन्ही वेळा राजधानीनं नव्हे तर बाजूच्या गावातल्या कोणीतरी धाडस करून नाटक उभं केलं होतं. त्यांनी संहिता वाचली असणारच. पण वाचून झाल्यावर त्यांनी तारीख ठरवली, सुतार बोलावला.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. वाचनांचे फेस्टिव्हल भरवणाऱ्या थिएटरनं पत्रकावर प्रत्येक नाटकाच्या नावापुढे एक ओळ छापावी, प्रयोग अमुक महिन्यात, किंवा प्रयोग ठरलेला नाही. आणि खाली, गेल्या पाच वर्षांत इथे वाचलेल्यांपैकी किती नाटकं आम्ही स्वतः केली तो आकडा. आम्ही लोक असले आकडे रोज भिंतीवर लावतो, कोणी मेलेलं नाही. लेखिकेला पत्र पाठवतानाच हे कळलं तर ती ठरवेल, २९ तास द्यायचे की तेवढ्या वेळात बॉइल हाइट्समधल्या एखाद्या रिकाम्या दुकानात पाच खुर्च्या आणि एक शिवणयंत्र आणून नाटक करायचं. लोपेझनं तेच केलं. २००० मध्ये तिनं आपल्या जुन्या वस्तीत कासा झीरो वन झीरो वन नावाचं छोटंसं थिएटर काढलं.